फेलो कोण, यापेक्षा त्याचा तक्ता जातो कुठे?

तरुणांना वर्षभर सरकारसोबत काम करायला घेणाऱ्या मुख्यमंत्री फेलोशिपची जाहिरात निघाली की महाराष्ट्रात तेच दोन आवाज ऐकू येतात. स्पर्धा परीक्षांसाठी वर्षानुवर्षं ताटकळणारी मुलं असताना मंत्रालयात बाहेरची माणसं कशाला, असा एक. तिकडे इंग्लंडात बघा, विद्यार्थी थेट सरकारी धोरणावर काम करतात, असा दुसरा. ऑगस्ट २०२४मध्ये केंद्राने लॅटरल एन्ट्रीच्या, म्हणजे बाहेरच्या तज्ज्ञांना थेट वरच्या पदांवर घेण्याच्या, ४५ पदांची जाहिरात तीन दिवसांत मागे घेतली, तेव्हा हाच वाद आणखी तापला. लंडनहून हे सगळं वाचताना खटकतं ते असं की भांडण फक्त आत कोण येतं यावर चाललंय. आत आलेल्या मुलीने केलेला हिशेबाचा तक्ता कोणाच्या टेबलावर जातो आणि तो चुकला तर जाब कोण देतो, हा प्रश्न कुणी काढत नाही.

ब्रिटनमध्ये, निदान हवामानाच्या कामात, त्याचं उत्तर कायद्यात आहे. २००८च्या हवामान बदल कायद्याने सरकारवर पाच-पाच वर्षांची कार्बन बजेटं, म्हणजे देशाच्या एकूण हरितगृह वायू उत्सर्जनावरच्या मर्यादा, बंधनकारक केली, तीही सुमारे बारा वर्षं आधी ठरवायची. २०३३ ते २०३७साठी ही मर्यादा ९६५ दशलक्ष टन आहे. त्यामुळे प्रत्येक योजनेच्या फाइलवर विचारलं जातं: उत्सर्जन किती टन कमी होणार, आणि कोणत्या पाच वर्षांत? सरकारी संशोधन निधीवर पीएच.डी. करणाऱ्यांना तीन महिन्यांची धोरण-इंटर्नशिप घेता येते. विद्यावेतन चालू राहतं, पीएच.डी.ची मुदत तेवढीच वाढते. संसदेच्या विज्ञान-तंत्रज्ञान कार्यालयात गेलं तर खासदारांसाठी चार पानी टिपण लिहायचं. खात्यात गेलं तर बहुतेक वेळ एक्सेलमध्ये.

त्या एक्सेलमध्ये काय असतं? समजा, घरांच्या भिंतींना उष्णतारोधक अस्तर लावायची योजना आहे. आधी ठरवायचं की योजना आलीच नसती तरी किती घरांनी हे केलं असतं. ती वजा करायची. मग वाचलेला गॅस, त्यातून टन, आणि टनांना किंमत. सरकारने २०२१मध्ये जाहीर केलेल्या दरांनुसार २०२०चा एक टन २४१ पौंडांचा, पण खालचा दर १२० आणि वरचा ३६१ आहे. तिन्ही दरांनी उत्तर दाखवायचं. पुढच्या वर्षांचे फायदे साधारणपणे दरसाल ३.५ टक्क्यांनी आजच्या मोलात आणायचे. प्रत्येक गृहीतक वेगळ्या पानावर: आकडा, तो कुठून घेतला, कोणत्या वर्षाच्या किमती, भरवसा किती. शेवटी, ज्याने तक्ता केला नाही त्याने तो तपासायचा. ही पायरी ठेच लागल्यावर आली. २०१२मध्ये वेस्ट कोस्ट रेल्वेमार्गाची कंत्राट प्रक्रिया हिशेबातल्या चुकांमुळे रद्द करावी लागली, आणि २०१५मध्ये अशा तपासणीची सरकारी नियमपुस्तिका, ॲक्वा बुक, तयार झाली.

नवखा माणूस चुकतो तो ठरलेल्या जागीच. कार्बनचा टन आणि कार्बन डायऑक्साइडचा टन यांत ३.६७ पटींचा फरक आहे. एक आकडा २०१८च्या किमतींत, शेजारचा २०२२च्या. सगळ्यांत घातक म्हणजे दुहेरी मोजणी: अस्तर लावलेल्या घरात हीट पंप (गॅसऐवजी विजेवर घर गरम करणारं यंत्र) बसवला आणि त्याची बचत जुन्याच गॅसवापरावरून काढली, तर तेच टन दोनदा खात्यावर पडतात.

अशा बारकाव्यांवर सरकार कोर्टात हरू शकतं. जुलै २०२२मध्ये उच्च न्यायालयाने सरकारची नेट झीरो (निव्वळ शून्य उत्सर्जन) रणनीती बेकायदा ठरवली. मोजलेल्या उपायांची बेरीज २०३३ ते २०३७च्या बजेटसाठी लागणाऱ्या घटीच्या ९५ टक्क्यांपर्यंतच पोहोचत होती. उरलेले ५ टक्के कसे भरणार आणि कोणत्या उपायातून किती घट होणार, याची पुरेशी माहिती मंत्र्यांपुढे नव्हती. मे २०२४मध्ये सुधारित आराखडाही टिकला नाही.

आपल्याकडे नेट झीरोसाठी देशाचं २०७०चं लक्ष्य आहे, मुंबईच्या हवामान आराखड्याचं २०५०चं. पण पाच वर्षांचं बंधनकारक बजेट नाही, म्हणून तक्ता चुकला तरी कोणाचं काही अडत नाही. सौर कृषी वाहिनी योजना आख्खा फीडर (अनेक शेतांना वीज पुरवणारी वाहिनी) सौर विजेवर आणते, 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना शेतकऱ्याला स्वतंत्र पंप देते. पंप मिळालेला शेतकरी आधी त्याच फीडरवर असेल आणि दोन्हींचे टन वेगवेगळे मोजले, तर अस्तर आणि हीट पंपाचीच चूक इथे होते. जुना पंप डिझेलचा होता की विजेचा, हेही विचारायला हवं: डिझेलला लिटरमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड, ग्रिडच्या विजेला युनिटमागे सुमारे ०.७ किलो. ग्रिडचा हा युनिटमागचा आकडा केंद्रीय वीज प्राधिकरण आर्थिक वर्षानुसार काढतं, म्हणून कोणतं वर्ष, कोणती आवृत्ती हे लिहायलाच हवं. नवीन पंपाशेजारी जुनाही चालूच आहे का, ते मात्र शेतावर गेल्याशिवाय कळत नाही.

आणि इथे महाराष्ट्र पुढे आहे, हे ठासून सांगायला हवं. आपल्या फेलोला बारा महिने मिळतात, तो बांधावर जाऊ शकतो. लंडनच्या तीन महिन्यांत लॅपटॉप आणि परवानग्या मिळेपर्यंत पहिले आठवडे जातात. काही जागांच्या सुरक्षा-तपासणीसाठी साधारण तीन वर्षांचा देशातला रहिवास लागतो, म्हणजे नुकते आलेले परदेशी विद्यार्थी बाहेरच.

पण अशा संधी पैसेवाल्यांनाच परवडतात, ही टीकाही खरी आहे. नीती आयोगाची इंटर्नशिप सहा आठवडे ते सहा महिने, बिनपगारी. दिल्लीत स्वतःच्या खर्चाने राहणं ज्याला परवडतं तोच तिथे टिकणार. मुख्यमंत्री फेलोला मानधन मिळतं, ते योग्यच आहे.

फेलोशिपच्या शासन निर्णयातच आणखी थोडं लिहिता येईल. फेलोचा तक्ता कोणत्या कक्ष अधिकाऱ्याकडे जाणार, हे रुजू होतानाच ठरावं. गृहीतकांचं पान विभागाच्या संकेतस्थळावर जावं. शेवटच्या दोन आठवड्यांत नवं काम देऊ नये. त्या अधिकाऱ्याने फेलोसमोर बसून एक आकडा बदलावा आणि उत्तर का बदललं ते स्वतः सांगून दाखवावं.