चंबळकाठी रेतीचे घाट निघतायत? घाबरू नका, असं वागा

तर मंडळी, ग्वाल्हेरशेजारच्या मुरेन्याकडे चंबळकाठचे रेतीचे काही घाट घडियालांच्या अभयारण्यातून वगळून रीतसर मोकळे करायचं ठरतंय म्हटल्यावर आपल्यातल्या काहींना उगाच अस्वस्थ वाटायला लागलंय. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाने अशा वेळी डोकं थंड कसं ठेवावं, ते सांगतो.

आधी घरापासून सुरू करा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घरावर दुसरा मजला चढवताय ना, मग रेती कुठली हे विचारायचं नाही. ट्रॉलीवाला आपणहून म्हणतो "सिंध की है बाबूजी", म्हणजे सिंध नदीची, चंबळची नव्हे, विषय संपला. पहाटे चारला ताडपत्री टाकून, नंबर प्लेटला चिखल फासून ट्रॉली दारात येते आणि तरी तुम्हाला शंका येते, म्हणजे तुमचीच श्रद्धा कमी पडतेय. रॉयल्टीची पावती तर मागूच नका, ट्रॅक्टर कागदोपत्री शेतीचा असतो, उगाच शेतकऱ्याचा अपमान कशाला.

आता ते घडियाल, म्हणजे लांब तोंडाची नदीतली मगर. 1978-79 मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश तिघांनी मिळून 400 किमीहून लांब अभयारण्य केलं, जगातले सगळ्यात जास्त घडियाल आज तिथेच आहेत, आणि तरी ह्या प्राण्याला अक्कल म्हणून नाही. मादी मार्चअखेर-एप्रिलमध्ये काठावर चढणार, नेमक्या उंच कोरड्या रेतीत खड्डा करून 30-40 अंडी घालणार, पिल्लं मे-जूनमध्ये बाहेर येणार, त्यातला नर कोण मादी कोण हेसुद्धा म्हणे घरट्यातल्या उष्णतेवर ठरणार. आणि सरकारने खाणकामाला बंदी कधी घातलीय? पावसाळ्यात! म्हणजे पिल्लं निघून गेल्यावर (जी निघाली ती). उन्हाळा हा पाणी उतरल्याचा, रेती उघडी पडल्याचा, बांधकामाचा सीझन, आणि बाईसाहेबांना बाळंतपण तेव्हाच सुचतं. कुणीतरी ह्यांच्याकडे एक कालनिर्णय पाठवा बुवा.

पाणचिरा पक्ष्याचं तेच. ऐन उन्हाळ्यात नदीतल्या रेतीच्या बेटावर उघड्यावर अंडी. पाणी आटलं, रेती उपसली, बेट काठाला जोडलं गेलं की कुत्री आरामात चालत जातात. इथे दोष कुत्र्यांना द्यायचा, कुत्री कोर्टात जात नाहीत. आणि ते लाल डोक्याचं कासव, ज्याचा जगातला शेवटचा मोठा आसरा चंबळच आहे, ते तर इतकं गरीब की त्याच्यासाठी सबबही लागत नाही.

घाटांचा पर्यावरण सर्व्हे करणारे कन्सल्टंट तुम्ही स्वतः असाल तर तो हिवाळ्यात उरका. तेव्हा एकही घरटं सापडत नाही, "घरटी आढळली नाहीत" हे वाक्य शंभर टक्के खरं आणि कुणाच्या बापाला खोटं ठरवता येणार नाही. रेती संपेल का असं कुणी विचारलंच तर म्हणा, पुराबरोबर परत येते. वरती गांधीसागर, राणा प्रताप सागर, जवाहर सागर आणि कोटा बॅरेज अशी चार बांधकामं गाळ अडवून बसलीयत हे काढू नका, लोकांना भूगोल आवडत नाही. तिघरा धरणावर भागत नाही म्हणून ह्याच नदीचं पाणी ग्वाल्हेरला आणायचं चाललंय, तेही त्याच दिवशी बोलू नका.

जनसुनवाई असेल तर जरूर जा, आणि फक्त रोजगारावर बोला. एक पोकलेन आणि दोन जेसीबी चालवायला किती माणसं लागतात हे मोजणारा माणूस विकासविरोधी असतो.

सगळ्यात भारी मुद्दा शेवटी वापरायचा. रेती चोरीला जातेच आहे, कुणाला थांबवता येत नाही, मग तेवढे घाट अभयारण्यातून काढूनच टाकू, म्हणजे चोरी उरणारच नाही. वा! 2012 मध्ये होळीच्या दिवशी मुरेना जिल्ह्यातल्या बानमोरला एका तरुण आयपीएस अधिकाऱ्याने दगडाची ट्रॉली अडवायचा प्रयत्न केला आणि त्याच ट्रॅक्टरखाली तो गेला. त्याला हा उपाय कुणी वेळेवर सांगितला नाही. असो, हे चारचौघांत बोलायचं नसतं, चहा गार होतो.

एवढं करूनही मन खातच असेल तर पोरांना घेऊन मुरेन्याजवळच्या देवरीच्या घडियाल केंद्रात जा. नदीकाठची अंडी उचलून आणतात, पिल्लं टाकीत वाढवतात, चांगली लांब झाली की नदीत सोडतात, छान फोटो येतात. धाकटा विचारेल, "बाबा, हे मोठे झाले की अंडी कुठे घालणार?" तर लगेच त्याला आइस्क्रीम द्या आणि ट्रॉलीवाल्याला फोन लावून विचारा, स्लॅबला अजून दोन फेऱ्या लागतील, उद्या जमेल ना?