गंजलेलं नाणं म्हणजे 'एरर' नव्हे!

सकाळी सकाळी डोकं फिरलं. फॅमिली ग्रुपवर भाच्यानं रील टाकलंय. पंचम जॉर्जचा पाव आणा, अर्ध्या तोंडावर हिरवं कीट, कडेला खड्डे, आणि वर पिवळ्या अक्षरांत 'दुर्मीळ मिंट एरर, किंमत ५ लाख'. मिंट एरर म्हणजे टाकसाळीत नाणं बनवतानाच झालेली चूक. खाली आपलीच माणसं रांगेत, "माझ्याकडे पण आहे!" अरे, असणारच. निम्म्या नाशिकच्या आज्यांच्या डब्यात आहे. त्यात टाकसाळीची काही चूक नाही, डब्यातल्या ओलीनं खाल्लंय ते.

चिडतो कारण पंचवटीतले आमचे रिक्षावाले दादा आठवतात. मागच्या पावसाळ्यात असाच पाव आणा रुमालात गुंडाळून घेऊन आले. आईच्या देव्हाऱ्यातला. 'वन क्वार्टर आना'मधला क्यू गायब. फोनवरच्या कुण्या 'साहेबा'नं लाखांत घेतो म्हणून सांगितलं, आधी रजिस्ट्रेशन फी भरायला लावली, मग टॅक्स म्हणून अजून उकळले. मग फोन बंद. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्येच जाहीर केलंय की जुन्या नाण्यांच्या अशा व्यवहारांशी आमचा संबंध नाही, आम्ही कसली फी मागत नाही. पण ते वाचतो कोण? रील बघतात सगळे.

त्यांचं नाणं भिंगाखाली धरलं. क्यूच्या जागी खडबडीत खळगा, तळाशी काळपट-हिरवे कण. शेजारच्या यू-एच्या कडाही कुरतडलेल्या. आता कुणी शहाणा म्हणेल, ठशात, म्हणजे नाण्याचं चित्र उमटवणाऱ्या साच्यात, ग्रीस भरलं तरी अक्षर उमटत नाही. मान्य. पण तेव्हा ती जागा आजूबाजूच्या पातळीतच राहते, सपाट, गुळगुळीत. खळगा पडत नाही. आणि धातू कुठे जात नाही. सराफ बाजारात ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ठेवलं. पाव आणा टाकसाळीतून निघतो तो ४.८६ ग्रॅमचा. दादांचा जेमतेम सव्वाचार. वापरानं झिजतं थोडं, पण इतकं? बाकीचं गंजानं नेलं.

एवढं तरी बघा हो! ठशाला तडा गेला की दाबलेला धातू त्या फटीत शिरतो, म्हणून नाण्यावर उंच रेघ येते. बोटाला लागते. ओरखडा आणि गंज नेहमी आत जातात. छापण्याआधीची कोरी चकती कापतानाच चुकली तर कापलेल्या कडेच्या बरोबर समोरची किनारही बहुधा पुसट असते. घरी कानशीनं घासलेल्या नाण्याची नसते. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं तर पुढच्याच्या एका बाजूला तेच चित्र उलटं आणि आत दबलेलं उमटतं. ते कुठल्याही ॲसिडला जमत नाही.

१९६८ ते ७१ची कमळवाली वीस पैशांची पितळी नाणी तर विचारूच नका. त्यातलं जस्त निघून गेलं की वर तांब्याचे गुलाबी डाग दिसतात, की लगेच 'चुकीच्या धातूवर छापलंय!'. गोदाघाटावर नदीतून चाळण लावून काढलेल्या नाण्यांत बघा किती निघतात.

हो, पापुद्रा सुटलेल्या नाण्यांत टाकसाळीचा दोष की नंतरचा, हे मलाही पटकन सांगता येत नाही. आणि खऱ्या एररला चांगले पैसे मिळतात, तेही खरं. बस.

ठसा धातूला काय करतो ते बघायचं तर पुरावा आपल्याच जिल्ह्यात सापडला. जोगलटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाची १३ हजारांवर चांदीची नाणी निघाली. त्यातल्या बहुतेकांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला. खालून नहपानाचं नाक डोकावतं, वरून सातकर्णीची टेकडीची खूण. ती चूक नाही, जिंकल्याची जाहिरात आहे! पण धातू कसा सरकतो ते कळतं. त्र्यंबक रोडनं जाताच ना दर महिन्याला? अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय आहे, कधी पायरी चढलात?

असो. रागाच्या भरात फार लिहिलं.

दादांना मी सांगितलं, बाजारात याचे फार तर वीस-तीस रुपये. गप्प झाले. मग म्हणाले, "चिंच लावून चकचकीत करू का साहेब? आई करायची दिवाळीला." नको म्हटलं. चिंचेनं कीट जाईल आणि उरलीसुरली अक्षरंही. मऊ कापडानं कोरडं करा, कागदाच्या पाकिटात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. फी गेली ती गेलीच. पोलिसांत जा म्हटलं, तर हसले फक्त.

आणि भाच्या, ते रील प्लीज डिलीट कर. ज्यांना शंका आहे त्यांनी रविवारी सकाळी नाणी घेऊन या. भिंग आहे, चहा आहे. फक्त घासून आणू नका.