रिंगरोड झाला तरी नवले पुलाचा उतार तिथेच राहणार आहे

पुण्याच्या कात्रज–देहूरोड बाह्यवळणावर मोठा अपघात झाला की एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा : इथली कोंडी परगावच्या अवजड वाहनांमुळे होते, मृत्यू त्यांच्या बेदरकार चालकांमुळे होतात, आणि रिंगरोड पूर्ण झाला की ही वाहने बाहेरून जाऊन प्रश्न आपोआप मिटेल. माणसे जिवाला मुकत असताना असा दिलासा पसरू देणे मला घातक वाटते.

पहिला मुद्दा कोंडीचा. पूर्वी मुंबई–बंगळूर वाहतूक खडकी, शिवाजीनगर, स्वारगेट अशी शहराच्या पोटातून जात असे, आणि ती बाहेर काढण्यासाठी हे बाह्यवळण झाले. तेव्हा ‘बाहेर’ असलेला भाग आता बाहेर राहिलेला नाही. २०१७ मध्ये ११ गावे पुणे महापालिकेत आली, त्यांत आंबेगाव आणि धायरी होती. २०२१ मध्ये आणखी २३ गावे आली, त्यांत नऱ्हे, बावधन बुद्रुक, सूस आणि म्हाळुंगे होती. धायरीत राहून हिंजवडीत नोकरी करणाऱ्याचा सरळ रस्ता हाच आहे. वारजे, बाणेर किंवा वाकड इथे उतरणाऱ्यांनाही तोच जवळचा पडतो. म्हणूनच कोंडीचे तास कचेरीच्या वेळांशी जुळतात. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटाने पाडून ऑगस्ट २०२३ मध्ये नवी रचना खुली झाली, ती मुख्यतः मुळशी, बावधन, पाषाण आणि कोथरूडच्या वाहनांना वाट काढून देण्यासाठीच. हा भार परगावचा नव्हे.

दुसरा मुद्दा चालकांचा. इंधन वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकणे हा गुन्हेगारी निष्काळजीपणा आहे, हे निःसंशय मान्य केले पाहिजे. गिअर सुटला की इंजिनाचा अटकाव नाहीसा होतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि पकड सोडतात. मात्र नव्या कात्रज बोगद्यातून निघाल्यावर नवले पुलापर्यंतचा लांब उतार गिअरमध्ये चालणाऱ्या, पण जास्त माल भरलेल्या किंवा देखभाल नसलेल्या ट्रकचीही अशीच परीक्षा घेतो, आणि नेमक्या त्या उताराच्या पायथ्याशी नऱ्हे, आंबेगाव आणि सिंहगड रस्त्याकडची दुचाकी, रिक्षा आणि मोटारींची गर्दी महामार्गाला मिळते. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका अवजड वाहनाने अनेक गाड्यांना चिरडले. नोव्हेंबर २०२५ मध्ये एक मोटार दोन जड वाहनांत सापडून पेटली आणि कित्येकांचा जीव गेला. चालक दरवेळी वेगळा होता, जागा मात्र तीच. केवळ चालकावर खटला भरून ही जागा बदलत नाही.

तिसरा मुद्दा रिंगरोडचा, आणि तो थोडक्यात सांगता येतो. मावळ, मुळशी, हवेली आणि भोर तालुक्यांतून जाणारी त्याची पश्चिम बाजू मुंबईहून थेट कोल्हापूर किंवा बंगळूरला जाणाऱ्या कंटेनरच्या उपयोगाची आहे, ती अवश्य व्हावी. पण नऱ्ह्याहून वाकडला जाणारा कामगार मुळशीतून वळसा घालणार नाही, आणि शहरात माल उतरवणारा ट्रक बाह्यवळणावरूनच येईल. वर्दळ कमी झाली तर मोकळ्या उतारावर वेग वाढण्याचा धोका उरतोच.

तेव्हा ‘तोवर थांबा’ या सल्ल्याला आधार नाही. स्थानिक वाहनांना मुख्य मार्गिकांवर यावेच लागू नये इतका सलग सेवारस्ता, पादचाऱ्यांना ओलांडायला सुरक्षित वाट, बोगद्याआधीच अवजड वाहने थांबवून ब्रेक तपासण्याची जागा आणि उतारावरचा वेग चोवीस तास मोजणारी यंत्रणा, यांपैकी एकाही कामासाठी रिंगरोडची वाट पाहावी लागत नाही.