होल्लोक्योची घरं 700 वर्षांची नाहीत

हंगेरीच्या नोग्राद जिल्ह्यातल्या होल्लोक्यो गावाचे फोटो फिरतात, तेव्हा खालचा मजकूर ठरलेला असतो: ‘700 वर्षं जुनी लाकडी घरं, काळ थांबलेलं गाव, तुर्कांनी पाडलेला किल्ला.’ फोटो खरे आहेत, मजकुराचं मात्र तसं नाही.

आधी घरं. 1909 च्या आगीत हे गाव जळालं. ती काही पहिली आग नव्हती. घरं लाकडाची, छपरं गवताने शाकारलेली आणि एकमेकांना खेटून. एक पेटलं की पुढची ओळ गेलीच. त्यानंतर लोकांनी घराचा घाट जुनाच ठेवला, सामान बदललं: दगडी जोतं, चुना दिलेल्या भिंती, वर कौलं. लाकूड उरलं ते मुख्यतः पडवीचे खांब आणि कठडे यांत, आणि फोटोत नेमकं तेच ठळक दिसतं. म्हणजे आज दिसतात ती घरं शंभर-सव्वाशे वर्षांची.

मग जुनं काय? गावाची मांडणी, आणि तीही मुख्यतः 17व्या-18व्या शतकातली. रस्त्याला काटकोनात लांबट, चिंचोळ्या जागा. पहिल्या पिढीने रस्त्यालगत घर बांधलं, पुढच्यांनी त्याच जागेत मागे मागे. धान्याची कोठारं पालोत्स लोकांच्या (उत्तर हंगेरीतला एक समाज) रीतीप्रमाणे गावाबाहेर, शेतांच्या कडेला. रस्त्यावरून फक्त दर्शनी भिंती दिसतात. ही रचना पाहायची तर बोळात शिरावं लागतं.

‘काळ थांबला’ हे तर उलटंच. युनेस्कोने 1987 मध्ये (घारापुरीची लेणी त्याच वर्षी यादीत आली) या गावाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो जाणीवपूर्वक जपलेली वस्ती म्हणून. जपणं हे सततचं काम असतं. मधोमध उभं असलेलं लाकडी मनोऱ्याचं चर्चही ‘मध्ययुगीन’ म्हणून खपवतात. ते 1889 चं आहे.

मध्ययुगातला म्हणावा असा एक किल्लाच. मंगोल स्वारीनंतर, 13व्या शतकात तो डोंगरावर उभा राहिला. तुर्कांनी तो 1552 मध्ये घेतला, 1683 मध्ये गमावला, पण पाडला नाही. तो निकामी केला हंगेरीवर राज्य करणाऱ्या ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याने, त्यांच्याविरुद्धचा हंगेरियन सरदार राकोत्सीचा उठाव 1711 मध्ये संपल्यावर, पुन्हा कुणी बंडखोर आत दबा धरून बसू नये म्हणून. आज चढून गेल्यावर दिसणाऱ्या धडधाकट भिंतींत विसाव्या शतकातली डागडुजीही आहे.