जॅक्सनचा खून, मोर्ले-मिंटो आणि दर डिसेंबरचा तो मेसेज

21 डिसेंबर उजाडला की आमच्या नाशिकच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज येतोच. मजकूर थोडक्यात असा: क्रूर कलेक्टर जॅक्सनने विनायकराव सावरकरांचे थोरले भाऊ बाबाराव यांना काळ्या पाण्यावर पाठवलं, म्हणून नाशिकच्या अनंत कान्हेरेने त्याला संपवलं. इंग्रज हादरले, मोर्ले-मिंटो सुधारणा (म्हणजे कायदेमंडळांत हिंदी लोकांना जास्त जागा) द्याव्या लागल्या, बंगालची फाळणी मागे घ्यावी लागली. एका गोळीने इतिहास बदलला.

विशीही न गाठलेला पोरगा फासावर गेला, त्याच्या धाडसावर मला बोलायचं नाही. पण कॅलेंडर तरी बघाल की नाही?

सुधारणांचा कायदा ब्रिटिश पार्लमेंटने 1909 च्या मे महिन्यात मंजूर केला. विजयानंद थिएटरात गोळ्या झाडल्या गेल्या त्याच वर्षीच्या डिसेंबरात. म्हणजे बारसं आधी आणि लग्न नंतर! खुनानंतर दोन महिन्यांच्या आत खरोखर काय आलं, तर 1910 चा प्रेस अ‍ॅक्ट. नवा छापखाना काढायचा तर 500 ते 2000 रुपये तारण ठेवा, सरकारला मजकूर खुपला की जप्त. फाळणी रद्द झाली ती 12 डिसेंबर 1911 ला, दिल्ली दरबारात. त्यामागे बंगालने 1905 पासून चालवलेलं आंदोलन होतं; त्याचं श्रेय आपण कशाला ओढायचं?

आता जॅक्सन. बाबारावांना जन्मठेप ठोठावली सेशन्स जज्जाने, जून 1909 मध्ये. जॅक्सनने मॅजिस्ट्रेट म्हणून खटला वर पाठवला होता. रागाचं कारण खरं, शिक्षा देणारा हात चुकीचा. आणि ‘क्रूर’ म्हणून विषय संपत नाही. हा माणूस संस्कृत जाणणारा. त्याने गुजरात-कोकणातल्या लोकसमजुतींचं टिपण जमवलं, ते त्याच्यामागे छापलं गेलं. असा साहेब राज्य चालवायला जास्त उपयोगी, असंही कुणी म्हणेल. म्हणा, पण मग तसं लिहा.

मेसेजवाले एक गोष्ट कधीच सांगत नाहीत. त्या रात्रीचा ‘संगीत शारदा’चा प्रयोग जॅक्सनच्या निरोपाचा होता. बदली झालेली, साहेब मुंबईला निघालेला. तो नाशिकमधून जाणारच होता.

इतिहास बदलला, पण कुणाचा? पिस्तूल लंडनहून आलेल्या ब्राउनिंगांपैकी निघालं, आणि धागा थेट विनायकराव सावरकरांपर्यंत गेला. मार्च 1910 मध्ये त्यांना लंडनमध्ये अटक. 19 एप्रिलला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फाशी. पाठोपाठ नाशिक कटाचा खटला. सावरकरांना दोन जन्मठेपा, 50 वर्षं. अभिनव भारत या त्यांच्या क्रांतिकारी संघटनेचं इथलं जाळं पार उसवलं गेलं. साम्राज्याचा एक कलेक्टर गेला, दुसरा आला. नाशिकची मात्र कर्ती पिढी गेली.

आणि हो, गोळी एक नव्हती; कान्हेरेने अनेक झाडल्या. तो नाशिकचाही नव्हता. कोकणातल्या खेड तालुक्यातला, शिकायला औरंगाबादला. नाशिकने त्याचं नाव मैदानाला दिलं, ते योग्यच. पण तिथे रोज सकाळी फिरायला जाणारे आम्ही सगळे त्या मैदानाला अजून ‘गोल्फ क्लब’च म्हणतो. मेसेज टाकणारे काकासुद्धा.