'ळ' फक्त मराठीचा नाही

'ळ हे अक्षर जगात फक्त मराठीत आहे' हा मेसेज मराठी दिनाच्या आसपास हमखास फिरतो. दावा चुकीचा आहे. कोकणी, गुजराती, राजस्थानी, ओडिया, कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळम या सगळ्या भाषांत ळ आहे. (गंमत म्हणजे खुद्द 'तमिळ' या शब्दातला शेवटचा उच्चार आपल्या ळसारखा नाही, तमिळांचं ते वेगळंच अक्षर आहे.) ऋग्वेदाची पहिली ऋचाच 'अग्निमीळे' अशी सुरू होते. पुढच्या अभिजात संस्कृतात तो उरला नाही, आणि प्रमाण हिंदीतही नाही. गैरसमज बहुधा तिथूनच आला असावा.

मराठीतली खरी गोष्ट जास्त रंजक आहे. संस्कृतात दोन स्वरांमध्ये एकटा ल असेल, तर मराठीत त्याचा सहसा ळ झाला: फल-फळ, काल-काळ. प्राकृतात जिथे जोड 'ल्ल' होता, तिथे मात्र ल टिकला: कल्य-कल्ल-काल, बिल्व-बिल्ल-बेल. म्हणूनच 'काळ' आणि 'काल' हे आज वेगळे शब्द आहेत. आणि हो, मराठी शब्दाच्या सुरुवातीला ळ येत नाही. ते मेसेजमध्ये असतं, तर बरोबर होतं.