पेशीतले ‘५० अंश’ आणि अंगातला ताप

नाशिकमधल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. ‘जपानी शास्त्रज्ञांनी जिवंत पेशीत पॉलिमरचा थर्मामीटर सोडला, आत ५० अंश सेल्सिअस निघाले. हे सिद्ध झालंय. ५० सोसणाऱ्या पेशींना १०४ तापाचं काय भय? ताप उतरवू नका. गार पाणी पिऊ नका, पेशी विझतात.’ घरात मूल तापाने फणफणलेलं असताना कुणी यावर विसंबून बसेल, याची मला खरोखर काळजी वाटते.

‘जपानी थर्मामीटरने ५० दाखवले.’ नाही दाखवले. टोकियो विद्यापीठातल्या ओकाबे, उचियामा आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हे मोजमाप प्रसिद्ध केलं. त्यांचा पॉलिमर, म्हणजे लांब साखळीसारखा रेणू, थंड असताना पाण्यात पसरलेला असतो. ऊब वाढली की आकसतो आणि पाणी बाहेर लोटतो. त्याला जोडलेला रंगद्रव्याचा रेणू पाण्यात मंद असतो, पाणी हटलं की जास्त उजळतो आणि त्याची चमक काही नॅनोसेकंद अधिक टिकते. ती टिकण्याची वेळ मोजून तापमान काढतात, म्हणजे पॉलिमर कुठे कमी, कुठे जास्त साचला याने आकडा बिघडत नाही. फार सुंदर कल्पना आहे. मुख्य निष्कर्ष असा, की पेशीचं केंद्रक भोवतालच्या पेशीद्रवाहून सुमारे १ अंशाने गरम दिसलं.

५० चा आकडा २०१८ च्या फ्रेंच गटाच्या प्रयोगातला. तिथे पॉलिमर नव्हता, वेगळं रंगद्रव्य होतं आणि मोजमाप फक्त मायटोकॉन्ड्रियाचं, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागांचं होतं.

‘हे सिद्ध झालंय.’ वाद अजून मिटलेला नाही. २०१४ मध्येच बाफू आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला होता: एक पेशी इतकी कमी उष्णता निर्माण करते आणि ती पाण्यात इतक्या झटकन पसरते, की पेशीच्या आतल्या आणि भोवतालच्या तापमानात फरक अंशाच्या लाखाव्या भागाच्या आसपास पडावा. रंगद्रव्याची चमक आम्लता आणि दाटपणानेही बदलते. माझ्या मते ५० वर शिक्का मारण्याइतका पुरावा नाही.

‘गार पाण्याने पेशी विझतात.’ नाशिकच्या थंडीतलं १० अंशांचं पेलाभर पाणी, २०० मिली धरा. ते ३७ ला आणायला साधारण साडेपाच किलोकॅलरी लागतात. स्वस्थ बसलेलं शरीर तेवढी उष्णता पाचेक मिनिटांत तयार करतं.

आता सगळ्यात घातक वाक्य, ‘१०४ ला भिऊ नका’. त्या फ्रेंच प्रयोगात पेशी ३८ अंशांवर ठेवल्या होत्या. ५० खरे मानले तरी ते ३८ च्या भोवतालातले. भोवताल तापला तर आतलंही चढणार. पेशीला वाढीव ताप सोसतो, असं त्यातून कुठेच निघत नाही. १०४ फॅरनहाइट म्हणजे ४० सेल्सिअस. इतका ताप असेल तर डॉक्टरांना दाखवायचं. आणि एप्रिल-मेच्या उन्हात काम करणाऱ्या माणसाला उष्माघात होतो, तेव्हा शरीर ४० च्या वर गेलेलं असतं, मेंदू भ्रमायला लागतो, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत त्याला पाण्याने भिजवून, वारा घालून लगेच गार करणं हाच उपचार असतो.